ओंडक्यावर ओंडका

‘लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून’ ही म्हण आपल्याकडे घरोघरी आहे. तिच्यातला ‘बांधून’ हा शब्द मात्र आपण बराच सैल अर्थाने घेतो. जागा घ्यायची, नकाशा पास करून घ्यायचा, कर्जाचे कागद करायचे, कंत्राटदाराच्या मागे लागायचं, गवंडी, सुतार आणि प्लंबर यांच्या तारखा सांभाळायच्या आणि एक दिवस वास्तुशांत उरकून टाकायची, की आपण चारचौघांत सांगतो, ‘आम्ही घर बांधलं!’ त्यात खोटं काही नाही. पैसा आपला असतो आणि मनस्तापही आपलाच असतो. पण त्या घराची एक वीटही आपण आपल्या हाताने रचलेली नसते.

उत्तरेकडच्या थंड मुलखात, म्हणजे नॉर्वे, स्वीडन, फिनलंडपासून रशियापर्यंत आणि अटलांटिकपलीकडे कॅनडा-अलास्कापर्यंत, या म्हणीचा शब्दशः अर्थ जगलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेली. तिथे जंगल दाराशी, झाडं सरळसोट आणि हिवाळा असा, की बर्फ पडायच्या आत डोक्यावर छप्पर आलं नाही तर माणसाची धडगत नाही. झाडं पाडायची, साल सोलायची आणि ते ओंडके आडवे एकावर एक रचून चार भिंती उभ्या करायच्या. विटा नाहीत, चुना नाही, भिंतीत खिळेही जवळजवळ नाहीत. अशा घराचं चित्र आपल्याला इंग्रजी सिनेमांतून आणि भेटकार्डांवरून ओळखीचं असतं. मधोमध धुराडं, खिडकीत पिवळा उजेड, बाहेर बर्फ. चित्र मोठं मोहक असतं. पण ती भिंत हाताने उभी कशी करतात, हे बघायला गेलं की कळतं, की ओंडक्यावर ओंडका ठेवणं सोपं आहे. तो तिथे पन्नास वर्षं राहावा असा ठेवणं ही निराळीच गोष्ट आहे.

बावन्नाव्या वर्षी घर

ही गोष्ट ज्याच्यामुळे जगभरच्या सामान्य माणसांना पाहायला मिळाली, त्याचं नाव रिचर्ड प्रेनेकी. जन्म १९१६ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात सुतार होता. तिथेच ऱ्हुमॅटिक फीवरने गाठलं आणि कित्येक महिने अंथरुणात गेले. एरवी धट्ट्याकट्ट्या असलेल्या या माणसाला आपलं शरीर कधीही दगा देऊ शकतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढे तो अलास्कात आला. डिझेल इंजिनांचा मिस्त्री म्हणून आणि सामन मासेमारीच्या धंद्यात त्याने वर्षं काढली, चार पैसे गाठीला बांधले. लग्न केलं नाही. आणि मे १९६८ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तो नैर्ऋत्य अलास्कातल्या ‘ट्विन लेक्स’ नावाच्या जोडतळ्यांच्या काठी, जिथे रस्ता जात नाही अशा जागी, स्वतःच्या हातांनी घर बांधायला जाऊन राहिला. घर केवढं? आतून साधारण ११ फूट बाय १५ फूट. आपल्याकडच्या चाळीतली एक खोली म्हणा ना!

विमानात ओझं कमी असावं म्हणून त्याने काही हत्यारांची फक्त पोलादी पाती नेली. गिरमिटाच्या मुठी त्याने तिथल्याच लाकडाच्या तासून केल्या. म्हणजे घर बांधण्याआधी घर बांधायची हत्यारं बांधणं आलं. सोबत एक चित्रीकरणाचा कॅमेराही होता. एकट्याने स्वतःचं चित्रीकरण करायचं म्हणजे कॅमेरा तिवईवर लावायचा, तो सुरू करून समोर जाऊन काम करायचं, आणि परत येऊन बंद करायचा. या चित्रफितींतून आणि त्याच्या रोजनिशीतून पुढे त्याची कहाणी जगाला कळली. रोजनिशीच्या आधारे सॅम कीथ या त्याच्या मित्राने लिहिलेलं पुस्तक १९७३ मध्ये निघालं, आणि चित्रफितींवरून केलेला माहितीपट या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या घराघरांत पाहिला गेला. त्यात नाट्य म्हणावं असं फारसं काही नाही. एक प्रौढ माणूस लाकूड तासतो आहे, थांबून बघतो आहे, पुन्हा तासतो आहे. तरी लोक जागचे हलत नाहीत.

आधी वर्षभर थांबा

पहिली गंमत अशी, की प्रेनेकीच्या घराची सुरुवात १९६८ मध्ये झालीच नाही. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो तिथे येऊन स्प्रूसची झाडं पाडून, साल सोलून, ओंडके वाळायला रचून गेला होता. घाई करायची नाही, हा या कामाचा पहिला नियम.

नुकत्याच पाडलेल्या झाडात पाणी किती असतं याची आपल्याला कल्पना नसते. सुचीपर्णी झाडाच्या बाहेरच्या कोवळ्या लाकडात कोरड्या लाकडाच्या वजनाहूनही जास्त पाणी असू शकतं. फूटभर जाडीचा, वीस फूट लांबीचा ओला ओंडका सहज ३०० किलोच्या घरात जातो. म्हणून बांधणारे झाड निवडताना नुसतं जाड झाड बघत नाहीत. सरळ हवं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फार निमुळतं होत जाणारं नको, खोडाला पीळ नको. पीळ असलेलं झाड वाळताना वळतं आणि भिंतीत बसवल्यावरही वळतच राहतं. शेजारच्या ओंडक्यांनाही स्वस्थ बसू देत नाही. हे ओळखायचं कसं? सालीवरच्या आणि वाळक्या लाकडावरच्या भेगा सरळ खाली उतरतात की तिरप्या जातात, ते बघायचं. जाणत्या सुताराला झाड उभं असतानाच ते कळतं.

साल सोलायची ती वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला, झाडात रस चढलेला असताना. तेव्हा ती केळीच्या सालीसारखी लांबलांब पट्ट्यांत सुटते. हिवाळ्यात पाडलेल्या झाडाची साल मात्र दोन्ही हातांनी अंगाकडे ओढायच्या सुरीने इंच इंच तासून काढावी लागते. मग ती काढायचीच कशाला? कारण सालीखाली ओल राहते, आणि ओल राहिली की किडे आणि बुरशी आलीच. साल ठेवलेली घरं छायाचित्रात रांगडी दिसतात. पण सालीआडून लाकूड कुजत जातं आणि मालकाला पत्ता लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

खाच वर की खाली?

आता भिंत. आपल्याकडे जोतं असतं तसं इथेही हवं. दगडांचा पाया जमिनीपासून निदान फूटभर वर काढायचा, कारण लाकूड मातीला टेकलं की त्याचं आयुष्य संपलं. पायावर पहिले दोन ओंडके समोरासमोर ठेवायचे, त्यांच्यावर आडवे दुसरे दोन. चारही कोपऱ्यांवर ओंडके एकमेकांना ओलांडतात, तिथे खाच पाडायची, म्हणजे वरचा ओंडका खालच्याच्या पाठीवर घोड्यावरच्या खोगिरासारखा बसतो. या खाचेला इंग्रजीतही खोगिराचंच नाव आहे. सगळ्या भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारा खिळा, बोल्ट, चुना, जे काही म्हणाल ते ही खाच. बाकी काम वजन करतं.

इथे नवख्यांना एक प्रश्न पडतो. खाच खालच्या ओंडक्याच्या पाठीवर पाडायची, की वरच्या ओंडक्याच्या पोटाला? पाठीवर पाडणं कितीतरी सोपं. ओंडका स्थिर असतो, डोळ्यांसमोर असतो, कुऱ्हाड वरून खाली चालवायची. पोटाला पाडायची तर एवढा जड ओंडका चढवायचा, खूण करायची, उलटा करायचा, खाच कोरायची, पुन्हा सुलटा करून बसवून बघायचा. नाही बसला तर पुन्हा उलटा. तरीही जाणते बांधणारे पोटालाच खाच पाडतात. कारण पाठीवरची खाच म्हणजे वाटी झाली. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी तिच्यात साठणार, आणि नेमका कोपरा, जिथे सगळ्या भिंतीचा जीव, तिथूनच घर कुजायला लागणार. पोटाला असलेल्या खाचेत पाणी थांबत नाही, ओघळून जातं. सोप्या वाटेने बांधलेलं घर आणि अवघड वाटेने बांधलेलं घर पहिल्या वर्षी अगदी सारखंच दिसतं. फरक दिसायला पंधरा-वीस पावसाळे जावे लागतात.

आणखी एक साधी युक्ती. झाड कितीही सरळ असलं तरी बुंधा जाड आणि शेंडा बारीक असणारच. सगळे बुंधे एकाच बाजूला आले तर भिंत एकीकडे चढत जाईल. म्हणून एका थरात बुंधा डावीकडे, तर वरच्या थरात उजवीकडे. जाडीचा फरक असा थराथराला फिटत जातो आणि भिंतीचा माथा सरळ राहतो. पट्टीने मोजून हे साधत नाही. पुढचा ओंडका ढिगातून कुठला उचलायचा, हे दर वेळी नजरेनेच ठरवावं लागतं.

वरच्याने जुळवून घ्यायचं

खाच जमली म्हणजे कोपरे जुळले. पण मधली लांबी? कुठलेही दोन ओंडके एकमेकांना पूर्ण चिकटत नाहीत. एकाला इथे फुगवटा, दुसऱ्याला तिथे गाठ. मधे कुठे बोटभर, तर कुठे पंजाभर फट राहते. हिवाळ्यात उणे ४० अंशांचा वारा तिथून आत येतो.

याला दोन उत्तरं आहेत. पहिलं सोपं. फटी राहू द्यायच्या आणि त्यांत शेवाळ, माती किंवा तागाच्या दोरखंडाचा डांबर लावलेला पिंजर ठासून भरायचा. प्रेनेकीनेही फटी बुजवायला शेवाळ आणि असाच पिंजर वापरला. हे भरण दर एक-दोन वर्षांनी बघावं लागतं, कारण लाकूड वाळतं, हलतं आणि भरण सुटतं.

दुसरं उत्तर स्कँडिनेव्हियातल्या आणि रशियातल्या सुतारांचं, आणि त्यात या विद्येची सगळी करामत आहे. वरचा ओंडका खालच्यावर तात्पुरता ठेवतात. मग कंपाससारखं दोन टोकांचं एक अवजार घेतात. त्याचं खालचं टोक खालच्या ओंडक्याच्या पाठीवरून फिरतं आणि वरचं टोक वरच्या ओंडक्याच्या पोटावर रेघ ओढत जातं. खालच्याला जिथे फुगवटा, तिथे रेघ वर चढते. खाली खळगा असेल तर ती खाली उतरते. अवजार तसूभर कललं तरी रेघ चुकते, म्हणून चांगल्या अवजाराला छोटी पाणसळ जोडलेली असते. अशी रेघ दोन्ही अंगांनी ओढली, की खालच्या ओंडक्याचा नकाशाच वरच्याच्या पोटावर उमटतो. मग वरचा उलटा करायचा आणि दोन रेघांमधलं लाकूड वाकसाने आणि पटाशीने कोरून पोटाशी लांबलचक पन्हळ करायची. पन्हळीत शेवाळ किंवा लोकर अंथरून ओंडका सुलटा करून बसवला, की तो खालच्याला असा मिठी मारून बसतो की मधे सुरीचं पातंही शिरू नये.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खालच्या ओंडक्याला कोणी हात लावत नाही. त्याच्या गाठी, त्याचे बाक, त्याचे खळगे जसेच्या तसे राहतात. बदलायचं ते वरच्याने. आणि तोच ओंडका बसून झाला, की पुढच्याच्या दृष्टीने तो ‘खालचा’ होतो. मग त्याच्या बाकाशी जुळवून घेण्याची पाळी पुढच्याची. यामुळे अशा भिंतीतला एक ओंडका काढून दुसऱ्या घरात बसवता येत नाही. प्रत्येकाची जागा एकच. एका भिंतीला दहा-बारा थर, भिंती चार, आणि प्रत्येक ओंडका दोन-तीन वेळा उलटासुलटा करायचा. घड्याळ बघून हे काम होत नाही, ते एवढ्यासाठीच.

ओंडके वर चढवायचे कसे, हा प्रश्न उरतोच. वीतभर जाडीचे वाळलेले ओंडके एक माणूस एकेक टोक उचलून चढवू शकतो. जाड असतील तर दोन लांब वासे भिंतीला तिरपे टेकवून उतरण करतात. दोराचं एक टोक भिंतीच्या माथ्याला बांधायचं, दोर ओंडक्याखालून घेऊन पुन्हा वर आणायचा, आणि पलीकडून ओढायचा. ओंडका गडगडत वर चढतो. दोर असा वळवून घेतल्यामुळे जोर निम्माच लागतो. अर्थात दोर दुप्पट ओढावा लागतो. निसर्ग फुकट काही देत नाही!

भिंत बसते

‘भिंत बसली’ असं आपण म्हणतो ते काळजीच्या सुरात. ओंडक्यांच्या घरात मात्र भिंत बसणं हे ठरलेलं असतं. बसणार हे गृहीत धरून जो बांधतो त्याचं घर टिकतं; जो धरत नाही त्याचं मोडतं.

कारण साधं आहे. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण जाडीत आकसतं. उभे खांब आहेत तेवढेच राहतात. आडव्या ओंडक्यांचा प्रत्येक थर मात्र थोडा थोडा बारीक होतो, आणि वरचं वजन खाचा आणि पन्हळी दाबत राहतं. ओल्या लाकडाच्या भिंतीसाठी बांधणाऱ्यांचा ठोकताळा आहे, की उंचीच्या दर फुटाला पाऊण इंच सोडा. म्हणजे आठ फुटी भिंत काही वर्षांत सहा इंचांनी खाली येऊ शकते. सहा इंच! आपल्याकडे एवढी भिंत खाली आली तर पंचनामाच होईल.

आता विचार करा. दाराची चौकट म्हणजे उभं लाकूड. ती आकसणार नाही. तिच्या डोक्यावर ओंडका घट्ट टेकवून ठेवला असेल तर दोन वर्षांत भिंतीचा सगळा भार चौकटीवर येईल. दार अडकेल, खिडकीची काच तडकेल, किंवा चौकट ओंडक्याला वरच अडवून धरेल आणि त्याच्याखाली फट पडेल. म्हणून चौकटीच्या डोक्यावर मुद्दाम मोकळी जागा सोडतात, तिच्यात लोकर भरतात आणि वरून फळी लावून ती झाकतात. चौकट ओंडक्यांना खिळ्यांनी ठोकायचीच नाही. ओंडक्यांच्या कापलेल्या टोकांत उभी खोबण करून तिच्यात एक पट्टी बसवायची. ओंडके त्या पट्टीवरून हळूहळू खाली सरकतात. घरात कुठे खांब असेल तर त्याच्याखाली फिरकीचा जॅक ठेवतात आणि भिंत उतरेल तसा तो वर्षाकाठी थोडा थोडा खाली घेतात. दगडी धुराडं तर बसतच नाही. म्हणून छप्पर धुराड्याला जखडायचं नाही, त्याच्या अंगाने खाली सरकू द्यायचं. जिना, नळाचे पाइप, सगळ्यांचा हाच हिशेब.

प्रेनेकीने ओंडके वर्षभर वाळवून घेतले होते, ते याही कारणाने. जितकं आकसायचं तितकं आधीच आकसून घेतलेलं बरं. दार-खिडक्यांसाठी भिंतीत भोकं पाडायची तीसुद्धा बहुधा भिंत पूर्ण चढल्यावर. अखंड ओंडके कोपऱ्यांच्या खाचांत एकदा बसले, की मग मधला तुकडा करवतीने कापून काढायचा. चार भिंती पुऱ्या उभ्या आहेत आणि आत जायला वाट नाही, असं घर एखाद दिवस तरी उभं असतं!

ऊब आणि पाऊस

एवढं करून भिंत गरम राहते का? लाकूड विटेपेक्षा उष्णता पाचेक पटींनी कमी वाहून नेतं, त्यामुळे वीत-दीड वीत जाडीची लाकडी भिंत बऱ्यापैकी ऊब धरते. पण आजकाल भिंतीच्या पोकळीत घालतात ती काचलोकर लाकडाच्याही तिप्पट परिणामकारक असते. तेव्हा ‘ओंडक्यांच्या घरासारखं उबदार घर नाही’ ही थोडी भाबडी समजूत आहे. उष्णता जाते ती मुख्यतः फटींतून. म्हणजे पुन्हा सगळं त्या पोटाकडच्या पन्हळीवर येऊन ठेपतं.

आणि थंडीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे पाणी. डोक्याला मोठी छत्री आणि पायात उंच जोडे, एवढं या घराला दिलं की ते शतकं काढतं. छत्री म्हणजे भिंतीच्या बरीच बाहेर काढलेली छपराची पाखं, आणि जोडे म्हणजे दगडी जोतं. हे दोन्ही न देता कितीही सुबक खाचा पाडल्या तरी उपयोग नाही.

साधेपणाचं राजकारण

अमेरिकन माणसाच्या मनात या घराला देव्हाऱ्यात स्थान आहे, आणि तिथे थोडी चपराक मारणारा इतिहास आहे. १६२० मध्ये प्लिमथला उतरलेले इंग्रज वसाहतवाले ओंडक्यांच्या घरांत राहिले, अशी चित्रं पूर्वी शाळेच्या पुस्तकांत असत. हॅरल्ड शर्टलेफ याचं १९३९ सालचं पुस्तक या समजुतीचं खंडन करण्यासाठीच निघालं. इंग्रजांना ही विद्या येतच नव्हती. ते आपल्या गावाकडच्यासारखी लाकडी सांगाड्याची आणि फळ्यांची घरं बांधत. ओंडक्यांची भिंत अमेरिकेत आणली ती १६३८ पासून डेलावेअर नदीकाठी उतरलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी. विद्या मात्र त्यांच्याहूनही फार जुनी. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार विट्रुव्हियस काळ्या समुद्राकाठच्या कोल्किस देशातल्या लोकांच्या घरांचं वर्णन करतो, ते असंच: आडवे ओंडके, कोपऱ्यात एकमेकांवर, आणि फटींत ढलप्या आणि चिखल.

पुढे हे घर म्हणजे साधेपणाचं प्रमाणपत्रच होऊन बसलं. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन ‘ओंडक्यांच्या घरातला उमेदवार’ म्हणून निवडून आला. प्रत्यक्षात तो व्हर्जिनियातल्या मोठ्या जमीनदाराचा मुलगा! लिंकनचा जन्म मात्र १८०९ मध्ये केंटकीतल्या अशाच खोपटात झाला, हे खरं आहे. पण त्याच्या जन्मस्थानी १९११ मध्ये पुऱ्या झालेल्या संगमरवरी स्मारकात जे ओंडक्यांचं घर जपून ठेवलं आहे, ते त्याचं नाही. लाकडातल्या वर्तुळांची तपासणी केल्यावर ती झाडं १८४० च्या दशकात पाडलेली निघाली. माणसं खोटं बोलतात, लाकूड बोलत नाही.

या विद्येची खरी उंची बघायची तर रशियात ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावर जावं. १७१४ चं, २२ घुमटांचं, ३७ मीटर उंच चर्च तिथे ओंडक्यांवर ओंडके रचून उभं आहे. एकही खिळा नाही असं सांगतात. घुमटांवरच्या लाकडी खवल्यांना खिळे आहेत. भिंतींची मदार मात्र खाचांवरच. या शतकात त्याची दुरुस्ती झाली तेव्हा वरचे थर पोलादी सांगाड्यावर उचलून धरले, खालचे थर सोडवले, कुजलेला भाग बदलला आणि प्रत्येक ओंडका पुन्हा आपापल्या जागी बसवला. काँक्रीटच्या इमारतीचा खालचा मजला असा सोडवून परत बसवता येईल का? खाचांनी जोडलेली वस्तू सोडवता येते, म्हणून ती दुरुस्तही करता येते.

आपल्या देशातही या घराण्यातली एक भिंत आहे. कुलू-मनालीला जाऊन आलेल्यांनी नग्गरचा जुना राजवाडा पाहिला असेल. देवदाराच्या तुळयांचा एक थर, मग दगडांचा एक थर, चुना-माती नाही, आणि कोपऱ्यात लाकडं एकमेकांत गुंतवलेली. हिमाचलात तिला ‘काठ-कुणी’ म्हणतात. काठ म्हणजे लाकूड आणि कुणी म्हणजे कोपरा. १९०५ चा कांगड्याचा भूकंप या वाड्याने सोसला. नुसत्या दगड-मातीच्या जाड भिंती भूकंपात काय करतात, हे १९९३ च्या किल्लारीनंतर महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. भिंतीला चारही कोपऱ्यांत बांधून ठेवणारं काहीतरी लागतं. तिथे ते काम लाकूड करतं.

एकट्याचं घर?

प्रेनेकीची गोष्ट सांगताना ‘त्याने सगळं एकट्याने केलं’ असं म्हणण्याचा मोह होतो. ते पूर्ण खरं नाही, आणि त्याने स्वतःही तसं भासवलं नाही. बांधकाम चालू असताना तो ओळखीच्या एका दांपत्याच्या खोलीत राहत होता. बेब आल्सवर्थ नावाचा वैमानिक छोट्या विमानाने त्याला पत्रं आणि शिधा आणून देई. छपरावरच्या शेवाळाखाली डांबरी कागद आणि प्लास्टिक आहे. आणि तो मुलूख ‘निर्मनुष्य’ वगैरे कधीच नव्हता. देनाइना लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार आणि मासेमारी करत आले आहेत. त्याचं मोठेपण सगळ्यांपासून तुटून राहण्यात नव्हतं. जे काम आपल्या हाताने होण्यासारखं आहे ते तो दुसऱ्यावर टाकत नव्हता, आणि उरकूनही टाकत नव्हता. दाराच्या बिजागऱ्यासुद्धा त्याने लाकडाच्या घडवल्या.

आज अमेरिका-कॅनडात ओंडक्यांचं घर हा मोठा उद्योग आहे. यंत्रावर एकसारखे गोल केलेले, भट्टीत वाळवलेले, खाचा पाडलेले आणि क्रमांक घातलेले ओंडके ट्रकमधून येतात आणि क्रेनने थोड्या दिवसांत रचून होतात. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. बर्फात राहणाऱ्या कुटुंबाला छप्पर लवकर मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिथे सगळे ओंडके आधीच एका मापाचे केलेले असतात. कोणी कोणाशी जुळवून घ्यायचं, हा प्रश्नच उरत नाही. हाताने बांधणारा माणूस मात्र प्रत्येक झाड जसं वाढलं तसंच घेतो, आणि त्या वेडेवाकडेपणातूनच सरळ भिंत काढतो. त्यासाठी बळ लागतं त्याहून थांबून बघण्याची सवय जास्त लागते. ही सवय मोडली की नुसती घरंच नाही, बाकीचंही बरंच काही बांधता येईनासं होतं.

प्रेनेकी त्या खोलीत मधल्या थोड्या गैरहजेऱ्या सोडल्या तर जवळजवळ तीस वर्षं राहिला. १९८० मध्ये तो सगळा परिसर लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यानात आला, तेव्हा तो उद्यानाच्या लोकांना प्राण्यांच्या आणि हवामानाच्या नोंदी पुरवू लागला. १९९८ मध्ये, ८२ व्या वर्षी, हिवाळे झेपेनासे झाले तेव्हा तो कॅलिफोर्नियात भावाकडे गेला आणि घर उद्यानाच्या हवाली केलं. २००३ मध्ये तो वारला. २००७ मध्ये त्या खोलीची अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. उन्हाळ्यात लोक पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने तिथे जातात, लाकडी कडी उघडून आत शिरतात, आणि बहुतेकांचा हात नकळत कोपऱ्यातल्या खाचेवरून फिरतो.